तिरपा टाका

मनुष्याने पन्नाशी ओलांडली म्हणजे त्यास एखादे निरुपद्रवी व्यसन असावे, असे आमचे मत आहे. ते नसल्यास तो उपदेश करू लागतो. आमच्या व्यवसायबंधूंपैकी कोणी या वयात कुंड्यांतून गुलाब वाढवितात, कोणी पत्रिका पाहतात, आणि ज्यांचा आजार फारच बळावलेला असतो ते कविता करतात. आम्ही यांपैकी काहीच करीत नाही. आम्ही बायकांच्या जुन्या चामडी पर्सा विकत घेतो.

हे शेवटचे वाक्य लिहिताना आमची लेखणी किंचित अडखळली, हे वाचकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ज्याने तीस वर्षे विद्यार्थ्यांपुढे शेक्सपिअरच्या शोकांतिकांचे विवरण केले आणि ज्याच्या डोक्यावरील केस अर्ध्याहून अधिक पांढरे झाले, अशा गृहस्थाने मुंबईच्या चोरबाजारात उकिडवे बसावे, कोणा अपरिचित स्त्रीने टाकून दिलेली पर्स उघडावी आणि तिच्या पोटात नाक खुपसून दीर्घ श्वास घ्यावा, हे दृश्य फारसे भारदस्त नव्हे. चामडे खरे की रेक्झीन, आणि आत बुरशी शिरली आहे की नाही, हे डोळ्यांपेक्षा नाकास लवकर कळते, हे शास्त्र त्या दुकानदारास काय ठाऊक? तो सहानुभूतीने विचारतो, "मॅडमसाठी का?" आम्ही खोटे बोलत नाही, फक्त उत्तर देत नाही. मॅडमचे स्वतःचे मत असे आहे की, दुसरीने टाकलेली वस्तू घरात आणणाऱ्या नवऱ्यापेक्षा काहीच न आणणारा नवरा पुष्कळ बरा. मत विचारार्ह आहे. तथापि आजमितीस आमच्या अकोल्याच्या घरी एका पत्र्याच्या ट्रंकेत सुती कापडाच्या खोळी पांघरून अकरा पर्सा सुखाने नांदत आहेत.

या व्यसनाचा उगम मात्र ग्रंथालयात झाला. ग्रंथपालांनी एके दिवशी चामडी बांधणीचा एक जुना इंग्रजी काव्यसंग्रह आमच्या हाती दिला, आणि पाच मिनिटांत आमचा पांढरा सदरा विटकरी झाला. पुठ्ठ्यावरील चामडे तांबडी भुकटी होऊन झडत होते. चौकशी करता कळले की हा रोग जुना असून थोरामोठ्यांनी त्याची नाडी पाहिलेली आहे. लंडनमधील अथीनियम क्लबातील चामडे का झडते, याचा विचार १८४३ साली मायकेल फॅरडे यांनी केला आणि दिव्यांच्या जळत्या गॅसमधून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूंवर बोट ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने याच प्रश्नासाठी एक समितीही बसविली होती. या सर्व विद्वानांच्या श्रमांचे तात्पर्य आम्हांस असे समजले की, भुकटी एकदा सुरू झाली म्हणजे ती लांबविता येते, परतविता येत नाही. चामड्याशी आमची ओळख अशा रीतीने मृत्युशय्येपाशी झाली. आणि जे वाचविता येत नाही त्याचा नाद सोडून जे वाचविता येईल ते शोधावे, अशा बुद्धीने आम्ही ग्रंथांवरून पर्सांवर आलो.

कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते आणि वाळले तर लाकडासारखे ताठ होते. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा इत्यादींतील तुरट द्रव्य त्याच्या तंतूंस जाऊन भिडले म्हणजे ते कुजावयाचे थांबते आणि तरीही मऊ राहते. या क्रियेस आपण कातडे कमावणे म्हणतो. पैसा, शरीर आणि कातडे या तिहींस मराठी भाषेने एकच क्रियापद दिले आहे. त्यात तिची थट्टा आहे की न्यायबुद्धी, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही. कारण ज्यांनी पिढ्यान् पिढ्या कातडे कमाविले, त्यांनी पैसा कमाविल्याचे फारसे ऐकिवात नाही. आपल्या खैराच्या काताचीही या कामी परीक्षा झालेली आहे: हम्फ्री डेव्ही यांनी १८०३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मुंबईकडचा आणि बंगालचा कात तपासला होता. पुढे १८५८ साली फ्रीड्रिख क्नाप यांनी क्रोमियमच्या क्षारांचा मार्ग दाखविला, १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले, आणि ज्या कामास सालीच्या कुंडात महिने लागत ते थोड्या दिवसांत होऊ लागले. आपल्याकडे मद्रासेस आल्फ्रेड चॅटर्टन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी क्रोमचे चामडे करून पाहिले ते काही मेमसाहेबांच्या पर्सांसाठी नव्हे. मुख्यतः विहिरीवरच्या मोटेसाठी. आज जगातील बहुतेक चामडे क्रोमचे असते.

जुनी पर्स हाती आली म्हणजे ती कोणत्या कुळीची, हे प्रथम ओळखावे लागते, कारण दोहोंची पथ्ये वेगळी आहेत. त्याची एक सोपी युक्ती आहे. लोखंडाचे चार खिळे आठवडाभर व्हिनेगरात बुडवून ठेवावेत, आणि त्या पाण्याचा एक थेंब पर्सच्या आत, कोणास न दिसेल अशा कोपऱ्यावर सोडावा. चामडे सालीने कमाविलेले असेल तर थेंब क्षणार्धात काळा पडतो. क्रोमचे असेल तर तसा काळा पडत नाही. हा चमत्कार प्रथम पाहिला तेव्हा आम्ही काही वेळ स्तब्ध बसलो. हिरड्याचा काढा आणि हिराकस यांपासून आपले पूर्वज शाई करीत. चामड्यास काळा रंग देण्याची जुनी रीतही तीच. म्हणजे ज्या काळिम्याच्या बळावर आमच्यासारख्यांनी पिढ्यान् पिढ्या पाटावर बसून मान मिळविला, त्याच काळिम्याने ज्यांची बोटे काळी झाली त्यांस गावाच्या कडेस बसावे लागले. द्रव्य एकच, भेद फक्त ते कशावर सांडले याचा. हा विचार त्या दिवशी आम्हांस फार सुंदर वाटला, आणि वर्गात एकदोन वेळा आम्ही तो सांगितलाही. सुंदर विचार सांगितला म्हणजे त्याचे देणे फिटले, असा आम्हां शिक्षकांचा एक सोयीस्कर समज असतो.

आमच्या पहिल्या रुग्णाचा मृत्यू आमच्याच हातून झाला, हे नमूद करणे प्राप्त आहे. कोरड्या पडलेल्या एका पर्सला आम्ही मायेने खोबरेल तेल चोळले. दोन दिवस ती नववधूसारखी झळकली. तिसऱ्या दिवसापासून काळवंडली, चिकट झाली, आणि महिन्याभरात तिला असा खवट वास येऊ लागला की तिची पाठवणी करावी लागली. दुसरी पर्स स्वेडची होती. स्वेड म्हणजे चामड्याची आतली, मांसाकडची बाजू घासून केलेली मखमल; स्वीडनचे हातमोजे या अर्थाच्या फ्रेंच शब्दप्रयोगावरून हे नाव आले. ही मखमल आम्ही रिठ्याच्या पाण्यात धुतली, आणि उन्हात वाळल्यावर आमच्या हाती जे आले त्यास वऱ्हाडात पापड म्हणतात.

ठेचा खाऊन जे शहाणपण आले ते थोडक्यात असे. प्रथम कोरडा ब्रश. पाण्याचा विचार मागाहून. साधे चामडे सौम्य साबणाच्या फेसाने, पिळून घेतलेल्या फडक्याने पुसावे आणि सावलीत वाळवावे. ऊन आणि चूल ही दोन्ही त्याची वैरी. तेल द्यावयाचे ते अगदी थोडे, बोटाने, आणि रात्रभर वाट पाहून मग हवे तर आणखी. ओल्या कामाच्या चामड्याचे पथ्य निराळे: मोटेच्या चामड्यास करडईच्या बियांपासून उष्णतेने काढलेले काळे चिकट तेल लावीत, कारण मोटेस जन्मभर पाण्यात राहावयाचे असे. स्वेडला तेल हे विष समजावे. तिचे डाग साध्या खोडरबराने निघतात. तेलकट डागावर शंखजिऱ्याची पूड पसरून रात्रभर ठेवावी म्हणजे ती तेल ओढून घेते. आणि दबलेली लव उठवावयाची तर किटलीची वाफ दुरून द्यावी आणि मग ब्रश फिरवावा. पावसाळ्यातील बुरशी घराबाहेर नेऊन झाडावी, नाहीतर ती शेजारणीवर जाते. आणि शेवटचे, जे या लेखाच्या पुढच्या भागासाठी वाचकांनी ध्यानात ठेवावे: सालीने कमाविलेल्या चामड्यावर पाण्याचे थेंब पडले तर त्यांचे काळसर गोल डाग राहतात. ते पुसून जात नाहीत. मात्र तो सगळा भागच स्वच्छ पाण्याने एकसारखा ओला करून सावकाश वाळविला, तर डाग आसपासच्या रंगात मिसळून जवळजवळ दिसेनासे होतात.

शिवण ही याहून कठीण विद्या. यंत्राच्या शिवणीत एक धागा तुटला की पुढचे टाके आपण होऊन सुटत जातात. हाताच्या शिवणीत मेण लावलेला दोरा प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी जातो, आणि एक टाका तुटला तरी शेजारचे आपली जागा सोडीत नाहीत. दुरुस्ती करताना जुन्याच भोकांतून दोरा न्यावयाचा असतो. शेजारी नवी भोके पाडली तर चामडे टपालाच्या तिकिटासारखे त्या रेषेवर फाटते. कडा पातळ करावयाची ती रापीने, दगडी फरशीच्या तुकड्यावर चामडे पालथे ठेवून. रापी, दोन आऱ्या, मेणाचा गोळा आणि ती फरशी, हा आमचा संसार आम्ही जुन्या बाजारातूनच जमविला. हळूहळू हात बसला. लांब पट्टे आखूड करणे, फाटलेले अस्तर काढून खादीचे घालणे, मोडलेल्या कडीच्या जागी पितळेची कडी बसविणे, दोन मेलेल्या पर्सांतून एक जिवंत करणे, इथपर्यंत आमची मजल गेली. स्नेहसंमेलनाच्या वेळी आमच्या पाच पर्सांचे प्रदर्शन झाले. "सर, काय हात आहे हो तुमचा!" असे सहकारी म्हणाले. प्राचार्यांनी आपल्या भाषणात श्रमप्रतिष्ठेचा उल्लेख केला. आम्ही खाली पाहून नम्रतेने हसलो. आणि ते हसू, आता आठवते, चांगले दोन-तीन दिवस टिकले होते.

आमचे मूळ गाव हिवरखेड. अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या अलीकडे, काळ्या मातीत वसलेले हे गाव. अकोला-खांडवा मार्गावरील मीटरगेजची गाडी २०१७ साली बंद झाली, तोवर तिची शिट्टी हेच आमच्या घरचे घड्याळ होते. हिवर हे बाभळीच्या कुळातील काटेरी झाड, आणि त्याची सालही कातडे कमाविण्याच्या उपयोगाची आहे. हे आम्हांस कळले तेव्हा आमचे वय चोपन्न होते. आयुष्यभर ज्या गावाचे नाव आम्ही पत्त्यात लिहीत आलो, त्यात कोणते झाड उभे आहे आणि ते कोणाच्या कामाचे होते, याची चौकशी करावी असे आम्हांस तोवर कधी वाटले नव्हते.

मागल्या दिवाळीच्या सुटीत गावच्या घराची आवराआवर करताना माळ्यावरून आईची पर्स निघाली. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शेजारच्या गावी नोकरी असल्याने ती रोज गाडीने जात-येत असे, आणि ही तपकिरी पर्स तिच्या खांद्यावर असे. आत हजेरीची टिपणे, डब्याचा वास आणि खडूची पूड. आमच्या घरी चामडे माजघरात येत नसे. शिक्षिकेची पर्स झाली तरी तिची खुंटी ओसरीवर होती. आई गेल्यानंतर ती कोणी माळ्यावर टाकली, कोणास ठाऊक. आम्ही ती खाली आणली, झटकली, खिळ्याच्या पाण्याचा थेंब आत सोडला, आणि तो काळाभोर झालेला पाहून आनंदाने मान डोलावली. सालीने कमाविलेले उत्तम चामडे; आतल्या बाजूस स्वेडसारखी लव, अजून शाबूत. दोष दोनच. पट्टा जेथे पोटास मिळतो तेथे कोणीतरी जाड काळ्या दोऱ्याने केलेली जुनी दुरुस्ती होती, आणि तिचे टाके बाकीच्या शिवणीच्या उलट दिशेस कललेले होते. दुसरा दोष, वरच्या पाख्यावर पाण्याच्या थेंबांचे सात-आठ काळसर डाग. आम्ही मनाशी आराखडा केला: पाखा एकसारखा ओला करून डाग घालवावयाचे, ती विजोड शिवण उसवून मूळच्या तपकिरी दोऱ्याने पुन्हा शिवावयाची, आणि पुण्यास शिकत असलेल्या आमच्या मुलीस आजीची पर्स नवीकोरी करून द्यावयाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही हत्यारे मांडली होती, तोच आमचा एक जुना विद्यार्थी दिवाळीच्या भेटीस आला. तो आमच्याच गावचा, येथील एका चर्मकार कारागिराचा मुलगा. पंचवीस वर्षांपूर्वी अकोल्यास आमच्या वर्गात होता, आता आकोटास एका कार्यालयात हिशेबनीस आहे. वडील जाऊन बरीच वर्षे झाली. तो पायरीवर थांबला, आणि आमच्याकडे पाहण्याऐवजी वर्तमानपत्राकडे पाहू लागला.

"सर, हे कोणाचं?"

"आमचेच," आम्ही म्हणालो. आणि पुढे आम्ही जे केले ते लिहिताना कान तापतात. आम्ही त्यास रापी कशी धरावी ते समजावून सांगू लागलो. कोन किती असावा, हात कसा आपल्यापासून दूर न्यावा, हे सर्व आम्ही वर्गातल्या सुरात, उदाहरणांसह सांगितले. तो ऐकत होता. शोकांतिका ऐकत असे त्याच मर्यादेने ऐकत होता. आमचे संपल्यावर त्याने रापी उचलली, डाव्या हातात घेतली, अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहिली आणि खाली ठेवली.

"हिला धार नाही, सर."

चहा आला. मग तो बोलू लागला, आणि त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती म्हणूनच ते ऐकणे जड गेले. त्याच्या वडिलांनी त्यास कधी रापीला हात लावू दिला नाही. परीक्षेच्या दिवसांत ते कामाची पेटी शेजारच्या गोठ्यात ठेवीत, पुस्तकांना वास लागू नये म्हणून. शाळेत मुले त्याच्या दप्तराचा वास घेऊन दाखवीत. "बाबा गेल्यावर पेटी मीच भंगारात दिली, सर. किलोवर." तो जरा थांबून म्हणाला, "तुम्ही किती दिलेत याचे?" आम्ही आकडा सांगितला. तो हसला, ते हसू कडवट नव्हते, केवळ हिशेबनिसाचे होते.

या प्रश्नावर आमच्याकडे पुस्तकी माल भरपूर होता. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत चपला करावयास शिकले. त्यांनी केलेला एक जोड जनरल स्मट्स यांच्याकडे होता आणि तो त्यांनी १९३९ साली परत पाठविला. वर्ध्याजवळ नालवाडीस गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालविले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी मेलेल्या जनावरांची कातडी स्वतः सोलली. ही माणसे खरी होती आणि त्यांनी समाजाचा रोष खरोखर सोसला. परंतु त्याच प्रश्नाचे दुसरे उत्तरही याच महाराष्ट्रात दिले गेले. मेलेली ढोरे ओढणे सोडा, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडास सांगितले. आणि १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात, या कामात नफा किती आहे हे दाखवू पाहणाऱ्यांस, मग तो नफा तुम्हीच घ्या, अशा अर्थाचे रोखठोक उत्तर दिले. एकाने काम उचलण्यात मोठेपण दाखविले, दुसऱ्याने ते टाकून देण्यात. आम्ही दोघांचीही पाने वर्गात वाचून दाखविली आहेत. ओसरीवर मात्र आम्हांस दिसले ते एवढेच की, पहिल्या मार्गाने जाणाऱ्यास काम उचलताना आपले नाव सोडावे लागले नाही. आणि समोर बसलेल्या गृहस्थाच्या वडिलांना ते काम म्हणजेच नाव म्हणून मिळाले होते. आम्ही हत्यारे उचलली तर तो छंद होतो आणि प्राचार्य भाषण करतात. त्यांनी ती खाली ठेवली तर त्यास प्रगती म्हणतात. आणि ती खरोखरच प्रगती होय. तेच हत्यार, तीच कृती. पण आमच्या वाट्यास दोन्हीकडून शाबासकी आणि त्यांच्या वाट्यास दोन्हीकडून हिशेब.

कोल्हापुरी चपलेस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२५ साली इटलीच्या प्राडा कंपनीने तशाच चपला मिलानच्या मंचावर आणल्या तेव्हा मोठा गवगवा झाला. प्रदेशाचे नाव झाले, कंपनीचे नाव झाले. मूळ करणाऱ्याचे नाव वस्तूवर क्वचितच असते, आणि दुरुस्त करणाऱ्याचे तर कधीच नसते. आमच्या अकरा पर्सांवर निरनिराळ्या कंपन्यांचे छाप आहेत. ज्यांनी त्या मधूनमधून शिवल्या त्यांचे एकही नाव नाही. असे आम्ही त्या दिवसापर्यंत धरून चाललो होतो.

बोलता बोलता त्याने आईची पर्स उचलली. पट्ट्याच्या सांध्यावरून त्याचा अंगठा एकदा गेला, परत आला, आणि थांबला.

"हे बाबांचं काम."

"कशावरून?"

"टाका पाहा ना, सर. उलटा पडलाय. बाबा डावखुरे होते."

तेव्हा आम्हांस आठवले की, परीक्षेच्या दालनात हा मुलगाही डाव्या हाताने लिहीत असे, आणि त्याची अक्षरे अशीच उलट कललेली असत. उत्तरपत्रिकेवर नाव नसतानाही आम्ही ती ओळखत असू. आम्ही चाचरत सांगितले की ती शिवण उसवून पुन्हा करण्याचा आमचा विचार होता. त्याने सांधा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. इतका वेळ शुद्ध मराठी बोलणारा तो हिशेबनीस एकाएकी गावच्या बोलीत म्हणाला, "काहाले उसवता जी? धरून हाय न अजून."

मग त्याने विचारले, ही येथेच शिवली होती का? आम्ही अंगणातील कडुलिंबाकडे बोट दाखविले. त्याने पाहिले, मान हलविली, चहाचा कप स्वतः विसळावयास उठला. आम्ही तो त्याच्या हातातून घेतला. थोड्या वेळाने तो गेला.

तो गेल्यावर आम्ही बराच वेळ त्या लिंबाकडे पाहत होतो, कारण त्यास जे सांगितले नाही ते आता आम्हांस संपूर्ण आठवले होते. आम्ही अकरा वर्षांचे होतो. पट्टा तुटला म्हणून त्याच्या वडिलांना बोलाविले होते. ते पायरीच्या खाली, लिंबाच्या सावलीत बसले. आईने पर्स जमिनीवर ठेवली, त्यांनी ती उचलली. काम झाल्यावर त्यांनी ती जमिनीवर ठेवली, आईने पैसे पायरीवर ठेवले. चामड्याचा कडक वास येत होता आणि त्यांचा डावा हात इतका भराभर चालत होता की आम्ही जवळ जाऊन उकिडवे बसलो होतो. ते गेल्यावर आजीने तांब्या आमच्या हाती दिला आणि पर्सकडे बोट केले. आई उभी होती. ती तिसरीच्या वर्गास सर्व माणसे समान असल्याचा धडा शिकवीत असे. ती काही बोलली नाही. पाणी शिंपडणारा हात आमचा होता.

पाख्यावरचे ते डाग त्याच पाण्याचे आहेत, असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. आईने ती पर्स पुढे कित्येक पावसाळे वापरली. थेंब मृगाचेही असतील. परंतु ज्यास चामड्यावरील डागांचे निदान कळते असे आम्ही चारचौघांत म्हणवून घेतो, त्याने या एका डागापुढे पावसाचा आडोसा शोधावा, हे आम्हांस बरे वाटले नाही. डाग घालविण्याची कृती आम्हांस येत होती. स्वच्छ पाण्याचे भांडे शेजारीच होते. एकदा पाणी शिंपडून आम्ही ती पर्स शुद्ध करून घेतली होती. आता पुन्हा पाणी लावून ते शिंपडणेही पुसून टाकावयाचे, आणि शेवटी लोकांनी म्हणावे, काय हात आहे हो तुमचा!

भांड्यातील पाणी आम्ही तुळशीस घातले. आतली लव ब्रशाने उठविली, खडूची पूड निघेल तेवढी निघू दिली. कोरड्या कडांना बोटभर तेल दिले. अस्तर फाटले होते तेथे खादीचे घातले. मुलीच्या उंचीस लांब पडेल म्हणून पट्टा आखूड केला, परंतु तो दुसऱ्या टोकाने, कडीकडून. पहिल्या सांध्यास आम्ही सुई लावली नाही. आणि रापीस धार लावून घेतली. ती कशी लावतात हे विचारावयास आकोटास जाण्याचे आमच्या मनात होते. पण ते त्यास विचारण्याचा आम्हांस अधिकार नाही असे वाटून आम्ही अकोल्याच्या बसस्थानकाबाहेर बसणाऱ्या एका वृद्ध कारागिरास विचारले, पैसे त्यांच्या हातात दिले, आणि त्यांचे नाव विचारून घेतले.

पर्स आता पुण्यास असते. नाताळच्या सुटीत मुलगी घरी आली तेव्हा ती टेबलावर ठेवून पाख्यावर बोट फिरवीत तिने विचारले, "बाबा, एवढं सगळं केलंत, मग हे डाग निघत नाहीत का?"

"निघतात," आम्ही म्हणालो, आणि ते का काढले नाहीत हे तिला सांगावयास बसलो.